चोबेचा 'मुख्य प्रवाह' कोणता? बोत्सवानाच्या नद्यांची पार्श्वभूमी

बोत्सवानाच्या नकाशावर निळ्या रेघा शोधायला गेलं की त्या बहुतेक काठाकाठानेच सापडतात. पूर्वेला लिंपोपो, दक्षिणेला मोलोपो, उत्तरेला क्वांडो, लिन्यांती, चोबे अशी नावं बदलत जाणारी एकच नदी. देशाच्या आत शिरणारी मोठी नदी म्हणजे ओकाव्हांगो, आणि तीही समुद्राचं तोंड न बघता वाळूत जिरते. हा योगायोग नाही. इथे देश आधी आणि नद्या नंतर असं घडलेलं नाही. परक्यांनी नद्या हाताशी धरून हद्दी आखल्या आणि त्या हद्दींच्या आत जे उरलं त्याचा पुढे देश झाला.

1885 मध्ये मोलोपोच्या उत्तरेकडचा मुलूख ब्रिटिश संरक्षित प्रदेश ठरला आणि दक्षिणेकडचा थेट वसाहतीत गेला. मोलोपोला बहुतेक वर्षी पाणीच नसतं. कागदोपत्री ती ऑरेंज नदीच्या खोऱ्यातली, पण तिचं पाणी ऑरेंजपर्यंत पोचत नाही, वाटेत वाळूच्या टेकड्या आडव्या येतात. तरी हद्द म्हणून ती निभावली. कोरड्या नदीचा तेवढा फायदा असतो, तिचा मध्य कुठे यावर कोणी भांडत नाही. चोबेचं तसं नव्हतं.

पण आधी ओकाव्हांगो, कारण बाहेरच्या जगाला बोत्सवानातली तीच नदी माहीत आहे. अंगोलाच्या पठारावरचा पाऊस कुबांगो आणि कुइतो या दोन अंगांनी खाली येतो, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडतो आणि मोहेंबोपाशी बोत्सवानात शिरतो. वर्षाला ढोबळमानाने 10 घन किलोमीटर पाणी. पुढे ते पंख्यासारखं पसरतं आणि त्यातलं जेमतेम दोन टक्के दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं. बाकीचं ऊन, झाडं आणि वाळू पिऊन टाकतात. उतार इतका मंद की वरच्या टोकाला साधारण एप्रिलमध्ये भरलेला पूर माउन गावाशी पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे गावात पावसाचा थेंब नसताना नदी दुथडी भरते. माउनच्या पुढे बोतेती हेच उरलंसुरलं पाणी मकगाडीकगाडीच्या मिठागरांकडे नेते. तिथे कधीकाळी प्रचंड सरोवर होतं. जमीन उचलली गेली, वरच्या नद्यांचा लिंपोपोशी असलेला जुना संबंध तुटला आणि पाणी आतच कोंडलं, असं भूशास्त्र सांगतं. त्या लाखो वर्षांच्या गोष्टीत इथे शिरत नाही.

अलीकडच्या तीस-चाळीस वर्षांत या पाण्यावर डोळा ठेवणारे बरेच झाले. माउनजवळचा बोरो प्रवाह खोल करून पाणी शेतीकडे, शहराकडे आणि हिऱ्यांच्या खाणीकडे वळवायची सरकारी योजना होती. 1991 च्या सुरुवातीला गावकरी सभेत उभे राहिले, त्यांनी अधिकाऱ्यांना तोंडावर विरोध केला आणि वर्षभरात योजना गुंडाळली गेली. 1994 मध्ये अंगोला, नामिबिया आणि बोत्सवाना यांनी मिळून खोऱ्याचा आयोग नेमला. दोनच वर्षांनी दुष्काळाने टेकीला आलेल्या नामिबियाने रुंदूपासून नळ टाकून ओकाव्हांगोचं पाणी उचलायचा बेत पुढे केला. मग पाऊस झाला आणि बेत मागे पडला. 2014 मध्ये हा त्रिभुज प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत आला, त्या यादीतलं हजारावं स्थळ म्हणून. बोतेतीचं खालचं पात्र सुमारे दोन दशकं कोरडं होतं. 2009-10 च्या आसपास तिथे पाणी परतलं.

कृष्णेच्या लवादाची सवय असलेल्या आपल्या वाचकाला वाटेल की या देशाचं नद्यांवरचं मोठं भांडण पाण्याच्या वाटपावरून झालं असणार. प्रत्यक्षात ते झालं एका शब्दावरून. पाणी कोणी किती घ्यायचं हा प्रश्न त्यात आलाच नाही.

1890 च्या 1 जुलैला ब्रिटन आणि जर्मनीने करार केला. झांझिबार ब्रिटिशांकडे, उत्तर समुद्रातलं हेलिगोलँड बेट जर्मनांकडे, आणि सोबत आफ्रिकेतल्या हद्दींची देवाणघेवाण. नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या नामिबियातल्या, जर्मन वसाहतीला झांबेझीपर्यंत पोचायला किमान 20 इंग्रजी मैल रुंदीची पट्टी मिळाली. तिला जर्मन चान्सलरचं नाव पडलं, काप्रिव्ही पट्टी. झांबेझीवरून होड्या पूर्व किनाऱ्याला नेता येतील अशी आशा त्यामागे होती, असं सांगितलं जातं. वाटेत सुमारे 70 किलोमीटरवर व्हिक्टोरिया धबधबा आहे. लिव्हिंग्स्टनने तो 1855 मध्येच पाहून जगाला सांगितलेला होता, तेव्हा या आशेचं नवलच वाटतं.

या पट्टीची दक्षिण हद्द चोबेवरून न्यायची ठरली. करारातली शब्दयोजना अशी, की रेषा चोबेच्या 'मुख्य प्रवाहाच्या मध्यातून' खाली उतरत झांबेझीच्या संगमाला जाईल. हे इंग्रजी मसुद्यातलं. जर्मन मसुद्यात मात्र 'मध्य' नाही, 'थालवेग' आहे. थाल म्हणजे दरी, वेग म्हणजे वाट. दरीची वाट, म्हणजे पात्रातला सगळ्यात खोल माग, जिथून उन्हाळ्यातही होडी जाते. दोन्ही मसुदे सारखेच अधिकृत. नदीचा मध्य आणि नदीचा सर्वात खोल माग या दोन निराळ्या गोष्टी. कुठल्याही वळणावर उभं राहिलं तर बाहेरच्या काठाशी डोह आणि आतल्या काठाशी वाळू दिसते, मध्य मात्र दोहोंच्या बरोबर मधोमध. आपल्या बोलीतला मधधार हा शब्दही हीच सरमिसळ करतो. त्यात मधोमधपणा आहे आणि खोली गृहीत धरलेली आहे.

एवढ्यावर भागलं असतं. पण कसाने गावासमोर चोबे दुभंगते आणि मध्ये एक सपाट बेट सोडते. क्षेत्रफळ जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. नामिबियाचे लोक त्याला कासिकिली म्हणतात, बोत्सवानाचे सेदुदू. मार्चच्या सुमारास पाणी चढलं की बेटाचा बराच भाग कित्येक महिने बुडालेला असतो. आता हद्द बेटाच्या उत्तरेने की दक्षिणेने? करार म्हणतो, जी फाट मुख्य असेल तिच्यातून. मुख्य कशावरून ठरवायची, हे करार सांगत नाही. मराठीत पात्र आणि प्रवाह हे वेगळे शब्द आहेत. पात्र पाण्याविना उरतं, प्रवाह उरत नाही. करारातल्या शब्दात दोन्ही अर्थ दडले होते आणि पुढची शंभर वर्षं ज्याला जो सोयीचा तो त्याने काढला.

त्यात चोबेचा स्वभाव विचित्र. झांबेझीला पूर आला की तिचं पाणी चोबेत उलटं शिरतं, पार लियांबेझी सरोवराच्या दिशेने. वर्षाच्या काही काळ ही नदी संगमापासून दूर वाहते. करारातल्या 'खाली उतरत' या शब्दांना तेव्हा काय अर्थ उरतो?

1912 मध्ये ब्रिटिश बाजूच्या एका पोलीस कॅप्टनने पाहणी करून उत्तरेची फाट मुख्य असल्याचं लिहून ठेवलं. नंतर जर्मन गेले, दक्षिण आफ्रिका आली. 1920 च्या दशकात काही वर्षं तर काप्रिव्हीचा कारभारही ब्रिटिश संरक्षित प्रदेशातूनच चालला, त्यामुळे दोन्ही काठांचा मालक एकच होता आणि प्रश्न झोपून राहिला. तो जागा झाला 1947 मध्ये. एका वाहतूकदाराला उत्तरेच्या फाटेतून बोटीने लाकूड उतरवायचं होतं. परवानगी कोणी द्यायची? दोन्ही काठांवरच्या दोन अधिकाऱ्यांनी 1948 मध्ये एकत्र पाहणी करून जोड अहवाल दिला. या सगळ्या गुंत्यातला सर्वात प्रामाणिक कागद तोच, असं माझं मत आहे. त्यांनी दोन गोष्टी शेजारी-शेजारी लिहिल्या. एक, मुख्य प्रवाह उत्तरेचा, म्हणजे बेट ब्रिटिश बाजूला येतं. दोन, निदान 1907 पासून बेट वापरतात ते काप्रिव्हीचे लोक, आणि दक्षिण काठाच्या लोकांनी त्यावर कधी हक्क सांगितल्याचा किंवा हरकत घेतल्याचा पुरावा नाही. नदी एकीकडे बोट दाखवत होती, माणसं दुसरीकडे.

वरिष्ठांना हे पचलं नाही. तीन वर्षं पत्रं फिरली. शेवटी 1951 मध्ये काठावरच्या अधिकाऱ्यांनीच आपसात मिटवलं. कायद्याचा मुद्दा दोघांनी राखून ठेवला, बेटाचा वापर काप्रिव्हीवाल्यांनी चालू ठेवायचा आणि उत्तरेची फाट सगळ्यांना खुली. वकिलांना न आवडणारी पण नांदायला पुरेशी अशी ही तडजोड होती. ती तीसेक वर्षं टिकली.

1966 मध्ये बोत्सवाना स्वतंत्र झाला. काप्रिव्हीत दक्षिण आफ्रिकेचं सैन्य होतं. ऑक्टोबर 1984 मध्ये बेटाच्या दक्षिणेच्या फाटेत दोन्हीकडच्या सैनिकांत गोळीबार झाला. पुढच्या वर्षी संयुक्त मोजणी झाली आणि पुन्हा उत्तरच मुख्य ठरली. 1990 मध्ये नामिबिया स्वतंत्र झाल्यावर त्याने हे मानायला नकार दिला, कारण दक्षिण आफ्रिकेला आपल्या वतीने मान डोलवायचा अधिकारच नव्हता. शेजारच्या झिंबाब्वेच्या राष्ट्राध्यक्षांनी 1992 मध्ये दोघांना एकत्र बसवलं, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तिचं एकमत झालं नाही. 1996 मध्ये दोघेही हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले.

13 डिसेंबर 1999 रोजी निकाल लागला. 11 विरुद्ध 4 मतांनी बेट बोत्सवानाचं. न्यायालयाने 'मध्य' आणि 'थालवेग' या शब्दांचा अर्थ इथे एकच धरला आणि रेषा उत्तरेच्या फाटेतल्या सर्वात खोल बिंदूंवरून नेली. खोली, रुंदी, वाहणारं पाणी, होड्यांची ये-जा असं सगळं पाहिलं. 1925 ते 1985 पर्यंतची विमानातून घेतलेली छायाचित्रंही पाहिली. खरा निर्णायक मुद्दा मात्र मोजणीच्या ऋतूचा होता. नामिबियाचं म्हणणं, पुरात सगळं मैदान वाहतं तेव्हा जास्त पाणी दक्षिणेने जातं, तेव्हा तो मुख्य प्रवाह. न्यायालय म्हणालं, पुराची पातळी नाही, उन्हाळी पाण्याची पातळी धरायची. हा निवाडा तर्काला धरून आहे, पुरात नदीला काठच राहत नाहीत. तरी चोबेसारख्या नदीबाबत ही निवड निरागस नाही. ज्या महिन्यांत ती खरी मोठी असते ते महिने हिशेबातून वगळले गेले.

आणि काप्रिव्हीतल्या मासुबिया लोकांचा वापर? ते बेटावर पाणी उतरलं की येत, शेती करत, गुरं चारत, पाणी चढलं की परत जात. न्यायालयाच्या मते हा ऋतूनुसार केलेला वापर होता, राज्यसत्तेच्या नात्याने केलेला ताबा नव्हता. त्यामुळे हक्काच्या खात्यात जमा शून्य. जिथे वर्षातले काही महिने जमीनच नसते तिथे ऋतूनुसार नाही तर कसं राहायचं, याचं उत्तर निकालात सापडत नाही. एक गोष्ट मात्र सर्वानुमते ठरली. दोन्ही फाटांमध्ये दोन्ही देशांच्या नागरिकांना आणि होड्यांना सारखी वागणूक मिळेल. 1951 च्या तडजोडीतला अर्धा भाग असा मागच्या दाराने परत आला.

संगमापाशी, कझुंगुला इथे, झांबिया आणि बोत्सवानाची सीमा एकमेकींना जेमतेम दीडशे मीटर लागते. 1970 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेने तर ही सीमा अस्तित्वातच नाही असं म्हणून तिथल्या फेरीबोटीवर आक्षेप घेतला होता. 2021 च्या मे महिन्यात तिथे 923 मीटर लांबीचा पूल खुला झाला. झिंबाब्वेच्या हद्दीत पाय पडू नये म्हणून तो चक्क वळण घेऊन जातो.

पूर्वेकडे भांडण कमी आणि तहान जास्त. राजधानी संरक्षित प्रदेशाच्या बाहेर माफिकेंगला होती. ती आत आणायची ठरली तेव्हा गाबोरोनी निवडण्यामागे नोत्वाने नदीवर धरण बांधता येईल हे एक मोठं कारण होतं. शहर धरणापेक्षा वेगाने वाढलं. मग ईशान्येच्या लेत्सिबोगो धरणापासून सुमारे 360 किलोमीटरची वाहिनी टाकली गेली, नंतर शाशे नदीवर दिकगात्लोंग धरण आलं. 2015 च्या दुष्काळात गाबोरोनीचं धरण तरीही तळाला गेलं.

उत्तरेला बोत्सवाना आणि नामिबिया यांनी 2018 मध्ये उरलेल्या नदीहद्दीचा करार केला. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये चोबेवर बोत्सवानाच्या सैनिकांच्या गोळ्यांनी चार मच्छीमार मेले. बोत्सवानाने त्यांना चोरटे शिकारी म्हटलं, काठावरच्या कुटुंबांनी ते साफ नाकारलं. त्यानंतर 2018 च्या करारात कोणती बेटं कोणाकडे गेली, हा प्रश्न नामिबियात नव्याने विचारला जाऊ लागला.