मोटारगाडीतील ध्वनिवर्धकाची वीजजोडणी
बॅटरीपासून गाडीत वेगळ्या बसविलेल्या ध्वनिवर्धकापर्यंत, म्हणजे अँप्लिफायरपर्यंत, प्रवाह नेणारी धन तार, गाडीच्या पत्र्याशी केलेली परतीची अर्थ जोडणी आणि तारेच्या संरक्षणासाठीची वितळतार अर्थात फ्यूज, एवढा भाग या संज्ञेत येतो. बॅटरी बॉनेटखाली आणि वर्धक डिकीत किंवा सीटखाली, ही छोट्या मोटारींतील नेहमीची मांडणी येथे गृहीत धरली आहे. तिच्यात धन तारेची लांबी साधारण ५ मी. भरते.

प्रवाहाचा अंदाज : खोक्यावर छापलेली कमाल शक्ती या कामी निरुपयोगी आहे. अखंड (आरएमएस) शक्तीला वर्धकाच्या कार्यक्षमतेने आणि १३·८ व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. एबी आणि डी ही वर्धकांच्या मंडलरचनेच्या प्रकारांची नावे. एबी वर्गाच्या वर्धकाची कार्यक्षमता ५० ते ६० टक्के, तर डी वर्गाची ७५ ते ८५ टक्के धरतात. चार वाहिन्यांचा, प्रत्येकी ७५ वॉटचा एबी वर्धक पूर्ण भारावर सुमारे ४० अँपिअर घेतो. छापील आकड्याचा पडताळा वर्धकाच्या अंगच्या फ्यूजवरून होतो. २५ अँपिअरचे दोन फ्यूज असलेला एबी वर्धक अखंडपणे ४०० वॉटच्या पुढे जाऊ शकत नाही, मग खोक्यावर २,००० लिहिलेले असो. सीटीए-२००६ या अमेरिकन मानकाप्रमाणे मोजलेली शक्ती (१४·४ व्होल्ट, ४ ओहम, १ टक्का विकृती) विश्वसनीय मानावी.

तारेचा छेद : संगीतात सरासरी प्रवाह कमाल प्रवाहाच्या बराच खाली राहतो. तारेचे तापणे त्या सरासरीवर अवलंबून असते, तर दाबघट (तारेत होणारी व्होल्टची घट) ठरते ढोलाच्या ठोक्यासरशी उसळणाऱ्या प्रवाहावर. म्हणून तापण्याच्या दृष्टीने पुरेशी तारही आवाजाच्या दृष्टीने अपुरी पडते. छेद (चौ. मिमी.) = ०·०१७५ × लांबी (मी.) × प्रवाह (अँपिअर) ÷ मान्य दाबघट (व्होल्ट). वरील उदाहरणात धन तारेवर ०·२ व्होल्ट घट मान्य केल्यास १७·५ चौ. मिमी. छेद लागतो. बाजारात मिळणारे त्यावरचे माप घ्यावे.

मापांच्या नावांत मोठा घोळ आहे. मोटार-ध्वनीच्या व्यवसायात ‘४ गेज’, ‘८ गेज’ म्हणतात ते अमेरिकन तारमापन (एडब्ल्यूजी) होय. ते १८५७ च्या सुमारास ऱ्होड आयलंडमधील ब्राउन अँड शार्प या कारखान्याने रूढ केले असे सामान्यतः मानतात. आकडा वाढतो तशी तार बारीक का होते, याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, जुन्या मापनांत तो आकडा तार साच्यातून किती वेळा ओढली हे दाखवी. अमेरिकन मापनात मात्र व्यासांची भूमितीय श्रेढी आहे : तीन आकडे खाली गेल्यास छेद जवळपास दुप्पट होतो. त्यानुसार ८ गेज ८·४, ४ गेज २१ आणि १/० गेज ५३·५ चौ. मिमी. भरते. भारतातील जुने वायरमन ‘३/२२’ (२२ गेजचे तीन धागे), ‘७/२०’ म्हणत, ते १८८४ च्या ब्रिटिश मापनाचे (एसडब्ल्यूजी) आकडे. त्यात ८ गेज सुमारे १३ आणि ४ गेज २७ चौ. मिमी. होते. शिवाय अमेरिकन मोटार-अभियंत्यांच्या मानकातील तार त्याच आकड्याच्या एडब्ल्यूजी तारेहून थोडी लहान असते. गेजऐवजी चौ. मिमी. विचारून तार घेणे हाच निर्धोक मार्ग होय.

दुसरा घोळ धातूचा. स्वस्त संचांतील तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. त्याच छेदाला तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट भरतो. पात्याने खरवडल्यावर धागा पांढरा दिसतो. वजनही सांगते : वेष्टण काढलेली ४ गेजची १ मी. तांब्याची तार सुमारे १९० ग्रॅ. भरते, मुलाम्याची ७५ ग्रॅ.च्या आसपास. जाड वेष्टणामुळे तार बाहेरून भरीव दिसते, आत धातू कमी असतो.

फ्यूज : मुख्य फ्यूज वर्धकासाठी नसून तारेसाठी असतो. हे न समजल्याने सर्वांत धोकादायक चुका होतात. इंजिन आणि बैठक यांमधील पत्र्याच्या भोकात तारेचे वेष्टण घासून उघडे पडले, तर बॅटरी थेट त्या पत्र्यातून लघुमंडलित (शॉर्ट) होते आणि प्रवाह हजार अँपिअरच्या घरात जातो. वर्धकाचा स्वतःचा फ्यूज दोषाच्या पलीकडे असल्याने तो काहीच करू शकत नाही. तार तापून पेटते. त्यामुळे मुख्य फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. कारागीर १८ इंच (सुमारे ४५ सेंमी.) ही मर्यादा सांगतात, पण २० सेंमी.च्या आत बसविता आल्यास अधिक बरे, कारण बॅटरी ते फ्यूज हा तुकडा नेहमीच असंरक्षित असतो.

फ्यूजचा आकडा वर्धकांच्या फ्यूजच्या बेरजेहून कमी नसावा व तारेच्या क्षमतेहून जास्त नसावा. या क्षमतेविषयी मतभेद आहेत. इमारतींसाठीच्या अमेरिकन संहितेत ४ गेज तांब्याच्या तारेला ७५° से. वेष्टणावर ८५ अँपिअर आहेत, नौकांच्या कोष्टकात १०५° से. वेष्टणास इंजिनकक्षाबाहेर १६०, तर मोटार-ध्वनीच्या कोष्टकांत १०० ते १५०. फरकाचे मूळ गृहीतकांत आहे : पहिली संख्या नळीत एकत्र कोंबलेल्या तीन तारांची, दुसरी मोकळ्या हवेतील उष्णतासह वेष्टणाची. गाडीत तार गालिच्याखाली दबलेली आणि उन्हात तापलेली असते. त्यामुळे खालच्या संख्येकडे झुकणे, म्हणजे ४ गेजला १०० व ८ गेजला ५० अँपिअर, योग्य वाटते. वरील ४० अँपिअर घेणाऱ्या वर्धकाला ६० चा फ्यूज पुरतो. तार १०० सोसते म्हणून १०० बसविण्याचे कारण नाही. एका तारेच्या अनेक तारा करणाऱ्या वाटप-ठोकळ्यापुढे तार बारीक होत असेल, तर तिथे तिच्या मापाचा वेगळा फ्यूज लागतो.

फ्यूज आकड्याला लगेच वितळत नाही. मोटारीतील पात्याचा फ्यूज ११० टक्के प्रवाह १०० तास सोसणे अपेक्षित असते. काचनळीच्या एजीयू फ्यूजची टोके सैल धारकात तापतात व डाख सुटतो. बोल्टने आवळायचे मिडी किंवा एएनएल प्रकार अधिक भरवशाचे.

अर्थ जोडणी : तार धन तारेइतक्याच छेदाची आणि ४५ सेंमी.च्या आत ठेवावी. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर दाबजोडीचा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी), दातेरी वॉशर आणि बोल्ट बसवून वर गंजरोधक लेप द्यावा. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत हा लेप वगळल्यास सांधा लवकर गंजतो. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नये. ऋण टोकावर बॅटरी-संवेदक (बॅटरीचा प्रवाह मोजणारा भाग) असलेल्या गाड्यांत अर्थ थेट त्या टोकाला न लावता संवेदकाच्या गाडीकडील बाजूस लावावी, नाहीतर संवेदकाला हा प्रवाह दिसत नाही आणि बॅटरीची भारणी चुकते.

तपासणी : इंजिन चालू ठेवून ५० हर्ट्झचा अखंड सूर मोठ्याने लावावा. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला व दुसरे वर्धकाच्या धन टोकाला लावून घट मोजावी, मग ऋण बाजूची. ऋण बाजूला ०·१ व्होल्टहून अधिक आल्यास दोष बहुधा खरवडलेल्या पत्र्याच्या सांध्यात सापडतो. धन बाजूला तारेच्या हिशेबापेक्षा जास्त आल्यास फ्यूजधारक आणि लग हाताने चाचपावेत. जो तापलेला लागेल तोच सैल.