वॉल्टर पेटन

पेटन, वॉल्टर : (२५ जुलै १९५३ – १ नोव्हेंबर १९९९). अमेरिकन फुटबॉलमधील रनिंग बॅक. १९७५ ते १९८७ असे सलग तेरा हंगाम तो शिकागो बेअर्स या एकाच संघाकडून ३४ क्रमांकाची जर्सी घालून खेळला. त्याचा जन्म मिसिसिपी राज्यातील कोलंबिया या लहान गावचा. जन्मसाल अनेक ठिकाणी १९५४ असेही दिलेले आढळते. चाहते त्याला ‘स्वीटनेस’ (गोडवा) म्हणत.

रनिंग बॅकचे काम ऐकायला सोपे आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, हातात चेंडू देतो. तो छातीशी घट्ट धरायचा आणि समोरच्या अकरा जणांमधून फट शोधत पुढे सरकायचे. कोणीतरी पाडेपर्यंत जेवढे अंतर कापले, तेवढे संघाच्या खात्यात जमा. पेटनने हे काम ३,८३८ वेळा केले आणि १६,७२६ यार्ड मिळवले. म्हणजे सगळे मिळून जेमतेम सव्वापंधरा किलोमीटर, एका वेळी सरासरी चार मीटर. आणि त्यातील बहुतेक चार मीटर कोणाच्या तरी धडकेनेच संपलेले. या जागेवर खेळणाऱ्यांची शरीरे काही वर्षांतच बोलू लागतात. पेटन तेरा हंगामांत फक्त एका सामन्याला मुकला, तोही पहिल्याच वर्षी. त्याच्या सगळ्या आकड्यांत हा एक आकडा मला सर्वांत मोठा वाटतो.

शाळेत सुरुवातीला तो फुटबॉलपासून लांबच होता. थोरला भाऊ एडी संघात होता, त्याच्याशी तुलना नको म्हणून वॉल्टर बँडमध्ये ड्रम वाजवी. एडी शाळेतून बाहेर पडल्यावर तो मैदानात उतरला. १९७० मध्ये कोलंबियातील काळ्या मुलांची जेफरसन शाळा आणि गोऱ्यांची कोलंबिया शाळा एकत्र झाल्या. जेफरसनचे मुख्य प्रशिक्षक चार्ल्स बोस्टन यांना नव्या शाळेत दुय्यम पद मिळाले. त्याच्या निषेधार्थ पेटनने सरावावर काही काळ बहिष्कार टाकला. नंतर तो खेळला आणि गावातील गोरी-काळी माणसे एकाच मैदानाभोवती बसून त्याला पाहू लागली. दक्षिणेकडील मोठ्या विद्यापीठांना काळे खेळाडू घेण्याची तेव्हा फारशी सवय नव्हती. तो भावाच्या मागोमाग जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात गेला. तेथील प्रशिक्षक बॉब हिल यांनी त्याला एक गोष्ट बजावली : मरायचेच असेल तर सहजासहजी मरू नकोस.

ही शिकवण त्याच्या खेळात शब्दशः दिसते. धावणारा खेळाडू मैदानाच्या कडेला आला की रेषेबाहेर पाऊल टाकून मार चुकवू शकतो. नियमात ते बसते आणि शहाणपणाचेही असते. पेटन मात्र बाहेर जाण्याचे टाळी. तो आत वळे आणि अडवायला आलेल्यालाच खांदा किंवा ताठ केलेला हात देई. पाच फूट दहा इंच उंची आणि नव्वद किलोंच्या आसपास वजन, म्हणजे या खेळात तो काही राक्षसी देहाचा नव्हता. धावताना गुडघे फारसे न वाकवता पाय सरळ पुढे फेकण्याची त्याची लकब होती. मध्येच तो छोटी, अडखळल्यासारखी पावले टाकी. समोरचा क्षणभर थबके आणि तेवढ्यात तो निसटे. टचडाऊन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवणे, झाल्यावर चेंडू जमिनीवर आपटून मिरवणे त्याला आवडत नसे. तो चेंडू पुष्कळदा त्याच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात जाई.

ही ताकद त्याने टेकडीवर कमावली. शिकागोजवळच्या आर्लिंग्टन हाइट्समध्ये एक उभ्या चढाची टेकडी होती. हंगाम नसताना तो ती पुन्हा पुन्हा पळत चढे. सोबत आलेले इतर खेळाडू अर्ध्यावर गुडघ्यांवर हात टेकून उभे राहत. त्याआधी मिसिसिपीत नदीकाठच्या वाळूत त्याचा असाच सराव चाले.

१९७५ मध्ये व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडले, तेव्हा बेअर्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. पहिल्या सामन्यात आठ वेळा चेंडू घेऊन त्याची कमाई शून्य यार्ड झाली. दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर १९७७ रोजी, मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध तो फ्लूने अंगात ताप असताना उतरला आणि ४० वेळा धावून २७५ यार्ड काढले. एका सामन्यातील हा विक्रम २००० पर्यंत टिकला. त्या हंगामातील १४ सामन्यांत त्याने १,८५२ यार्ड केले, एनएफएल या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि बेअर्स १९६३ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचले. पुढची काही वर्षे संघ सामान्यच राहिला. प्रतिस्पर्ध्यांना चेंडू कोणाकडे जाणार हे ठाऊक असे, तरी त्याला रोखणे जमत नसे. तो ४९२ पास झेलणारा, स्वतः आठ टचडाऊन पास फेकणारा आणि दुसरा धावत असताना त्याच्यासाठी जीव तोडून अडवणूक करणाराही होता.

७ ऑक्टोबर १९८४ रोजी सोल्जर फील्डवर न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध त्याने जिम ब्राउन या जुन्या रनिंग बॅकचा कारकिर्दीत धावून मिळवलेल्या १२,३१२ यार्डांचा विक्रम मागे टाकला. जानेवारी १९८६ मध्ये बेअर्सने न्यू इंग्लंड पेट्रियट्सला ४६–१० असे हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. प्रतिस्पर्ध्यांनी सगळी ताकद पेटनला रोखण्यात लावली होती. त्याला ६१ यार्ड मिळाले, टचडाऊन एकही नाही. एक यार्डावरून टचडाऊन करण्याची संधी आली तेव्हा प्रशिक्षक माइक डिटका यांनी चेंडू विल्यम पेरी या अवाढव्य बचावपटूला दिला. अकरा वर्षे वाट पाहिलेल्या पेटनला ते लागले. डिटका यांनीही ही चूक पुढे जाहीरपणे कबूल केली.

शेवटचा सामना १० जानेवारी १९८८ चा. वॉशिंग्टनकडून बेअर्स १७–२१ असे हरले. मैदान रिकामे होत होते, आणि पेटन बाकावर एकटाच, डोक्यावरचे हेल्मेट न काढता, मान खाली घालून बराच वेळ बसून राहिला. निवृत्तीनंतर त्याने मोटारशर्यतींत भाग घेतला, सेंट लुईससाठी नवा संघ मिळवण्याची खटपटही केली. ती तडीस गेली नाही. १९९३ मध्ये ओहायोतील कँटन येथील हॉल ऑफ फेम या फुटबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात त्याचा समावेश झाला, तेव्हा त्याची ओळख करून देणारे भाषण मुलगा जॅरेटने केले. मुलाने वडिलांसाठी असे भाषण करण्याची ती पहिलीच वेळ होती.

फेब्रुवारी १९९९ मध्ये तो पत्रकारांसमोर आला तेव्हा ओळखू येणार नाही इतका वाळला होता. पित्तनलिका आकसत जाऊन यकृत निकामी करणारा दुर्मीळ आजार त्याला जडला होता. भीती वाटते का, असे विचारल्यावर त्याने हो म्हटले आणि त्याला रडू कोसळले. इलाज होता तो यकृत प्रत्यारोपणाचा. पण पुढे पित्तनलिकेचा कर्करोग निघाला आणि ती वाट बंद झाली. स्वतःला यकृत मिळण्याची आशा उरली नसतानाही त्याने लोकांना अवयवदानाचे आवाहन केले. १ नोव्हेंबर १९९९ रोजी राहत्या घरी त्याचे निधन झाले.

समाजकार्यासाठी लीगकडून दिला जाणारा वार्षिक पुरस्कार त्याच वर्षापासून त्याच्या नावाने दिला जातो. १९७७ चा हाच पुरस्कार त्याला स्वतःला मिळाला होता. शिकागोत त्याच्या नावाची सरकारी शाळा २००० मध्ये सुरू झाली. धावून मिळवलेल्या एकूण यार्डांचा त्याचा विक्रम डॅलस काउबॉइजच्या एमिट स्मिथने २७ ऑक्टोबर २००२ रोजी मोडला. यादीत दुसरे नाव अजून पेटनचेच आहे.