गाठी पडणं आणि गाठ असणं

"पाळी कशी येते?" डॉक्टरांनी विचारलं. "व्यवस्थित," मावशी म्हणाली. मी शेजारीच बसले होते. त्या दिवसांत एसटीने कुठे जायचं तर गडद रंगाचीच साडी, सीटवर घडी घातलेला जुना टॉवेल, असा तिचा कित्येक वर्षांचा नेम. पण दर महिन्याला तारखेला येते ना, मग व्यवस्थित! डॉक्टर मुरलेल्या होत्या. "रात्री पॅड बदलायला किती वेळा उठता?" असं विचारल्यावर गाडी रुळावर आली. सोनोग्राफीत पिशवीला दोन गाठी निघाल्या.

या गाठी म्हणजे फायब्रॉइड. गर्भाशयाच्या भिंतीतल्या स्नायूची एक पेशी वाढत वाढत तिचा गोळा होतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर तो पोसला जातो, म्हणून पाळी गेल्यावर बहुतेकदा आक्रसतो. तो कॅन्सर क्वचितच असतो. आणि तो फार सर्रास आढळतो: अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीनुसार पन्नाशीपर्यंत सुमारे 70 टक्के गोऱ्या आणि 80 टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय बायकांना फायब्रॉइड झालेले असतात. त्यातल्या अनेकींना पत्ताही नसतो.

आपल्याकडे एक घोळ शब्दांचाही आहे. "गाठी पडतात" म्हणजे रक्ताच्या गुठळ्या, आणि "गाठ आहे" म्हणजे फायब्रॉइड. गुठळी पडली म्हणजे आतली गाठ सुटून बाहेर आली, असं कितीतरी जणींना वाटतं. तसं नसतं. पाळीचं रक्त पातळ राहावं म्हणून गर्भाशयात गुठळ्या विरघळवणारी द्रव्यं असतात. रक्त भराभर आलं की त्यांना वेळ पुरत नाही, आणि ते गोठलेलंच बाहेर पडतं. म्हणजे मोठ्या गुठळ्या ही रक्तस्राव जास्त असल्याची खूण. एका पाळीत 80 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर वैद्यकशास्त्र त्याला अति म्हणतं, पण घरात कोण मोजणार? त्यापेक्षा तासा-दोन तासांनी पॅड भिजणं, दोन पॅड एकावर एक लावावे लागणं, सात दिवस उलटले तरी न थांबणं, ही मापं कामाची.

गाठ केवढी यापेक्षा ती कुठे आहे, हे महत्त्वाचं. पिशवीच्या आतल्या अस्तराखाली असलेली सुपारीएवढी गाठ बाईला बेजार करते. बाहेरच्या बाजूला वाढलेली संत्र्याएवढी गाठ मात्र अंगावरून फारसं जाऊ देत नाही. ती शेजाऱ्यांना छळते: पुढे मूत्राशय दाबलं की सारखी लघवीला, मागे आतडं दाबलं की बद्धकोष्ठ, कंबर भरून येणं. पोट सुटलं म्हणून परकराची नाडी सैल केली जाते, आणि हाताला ओटीपोटात कडक गोळा लागतो तेव्हा कुठे शंका येते.

मावशीला जिना चढताना धाप लागायची. ती वयावर ढकलायची. हिमोग्लोबिन निघालं 7.8, बायकांत ते 12 च्या खाली नसावं. एक मिलिलिटर रक्तासोबत जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, आणि अन्नातून दिवसाला अंगी लागतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. त्यात जेवणावर लगेच चहा, म्हणजे तेही नीट अंगी लागत नाही! हा हिशेब महिनोन्‌महिने तुटीतच राहणार. बर्फ चघळावासा वाटणं, कच्चे तांदूळ तोंडात टाकणं, ही खोड नसून लोह कमी असल्याची खूणही असू शकते.

दोन पाळ्यांच्या मधेच रक्त दिसलं, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा डाग लागला, तर मात्र "गाठच असेल" म्हणून बसून राहू नये. कारण दुसरं असू शकतं, तपासणी लगेच हवी.

आणि गाठ निघाली म्हणजे पिशवी काढायचीच, असंही नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या, हे 2019 मध्ये चव्हाट्यावर आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. असेल तर गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, फक्त गाठ काढायची शस्त्रक्रिया, असे पर्याय वय आणि गाठीची जागा पाहून ठरतात.

मावशीला ते साधन बसवलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी काही विचारायच्या आत तिने पर्समधून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. चार तारखांवर पेनाने गोल, खाली लिहिलेलं: पॅड सात, रात्री उठले नाही.