ऊन लागलेल्याचा खिसा कोण तपासतो?

३० मे २०२४. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले मानले जाणारे नऊ दिवस, चालू होता आणि नागपुरात प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच आकडा फिरत होता : ५६ अंश. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतावर हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र आहे, त्याने तो नोंदवला होता. सोनेगावच्या केंद्राने ५४ दाखवलं. त्याच दिवशी खापरी आणि रामटेकची केंद्रं ४४ वर होती. दोन विरुद्ध दोन. खरं कोणाचं मानायचं?

यंत्रावर आकडा उमटला आणि आपण तो वाचला, एवढ्याने ज्ञान होत नाही. जगात आजवरचं नोंदलेलं सर्वाधिक तापमान ५६.७ अंश आहे, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचं, १९१३ सालचं. रामदासपेठेतली हवा खरोखर त्याच्या जवळ पोचली असेल, तर ती डबक्यातल्या पाण्यासारखी तिथेच साचून राहणार नाही. दहा-बारा किलोमीटरवरच्या खापरीलाही ती जाणवायला हवी. तिथे तर पारा बारा अंशांनी खाली. शिवाय ४४ हा मे महिन्यातल्या नागपूरच्या नेहमीच्या चालीत बसतो, ५६ बसत नाही. पुढे हवामान खात्याने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक सेन्सरमध्ये बिघाड होता. सेन्सर तपासावा लागला हे खरंच, नुसत्या विचाराने बिघाड सापडत नाही. पण ‘इथे तपासा’ हे तर्काने आधी सांगितलं.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीतल्या काकाजींशी माझी जुनी चर्चा पुन्हा निघाली. डोक्याला पांढरा दुपट्टा, शर्टाच्या खिशात कांदा. कांदा काढून दाखवला तर खिशाच्या शिवणीत वाळलेल्या गुलाबी सालीचा चुरा. म्हणाले, “पस्तीस वर्षं झाले भाऊ, खिशात कांदा घेऊन फिरून राहिलो. एकडाव ऊन नाही लागलं.”

काकाजी खोटं बोलत नाहीत. त्यांचा अनुभवही खरा आहे. प्रश्न असा की त्या अनुभवातून ‘कांदा असेल तर ऊन लागत नाही’ हे निघतं का?

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली एक साधं कोडं मांडलं. त्याचं मराठी रूप असं : टेबलावर चार पत्ते, दिसणाऱ्या बाजूंवर आ, क, ४ आणि ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम : एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे कळायला कोणकोणते पत्ते उलटवाल? बहुतेक लोक ‘आ’ आणि ‘४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘आ’ आणि ‘७’. ४ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियमाला काही होत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम तिथेच मेला. वेसनच्या प्रयोगांत हे दहातल्या एखाद्यालाच जमायचं. नियम जिथे जुळेल तिथे आपण बघतो. जिथे मोडू शकेल तिकडे लक्षच जात नाही.

हीच गोष्ट पाचव्या-सहाव्या शतकातला बौद्ध आचार्य दिङ्नाग सांगून गेला होता, आणि मला ती वेसनपेक्षा जास्त आवडते, कारण तो ती अनुमानाची अटच करून टाकतो. ‘डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे आग आहे’ हे नेहमीचं उदाहरण घ्या. धूर हा हेतू, म्हणजे ज्यावरून अनुमान काढायचं ती खूण. त्याने तीन परीक्षा द्यायच्या. तो डोंगरावर खरंच असला पाहिजे. जिथे आग नक्की आहे अशा ठिकाणी, म्हणजे स्वयंपाकघरात, तो सापडला पाहिजे. अशा ठिकाणाला सपक्ष म्हणतात. आणि जिथे आग नाहीच, अशा तळ्यात तो कधीही सापडता कामा नये; असं ठिकाण म्हणजे विपक्ष. तिसरी परीक्षा म्हणजेच वेसनचा ७ चा पत्ता. हिवाळ्यात पहाटे नागपूरच्या फुटाळा तलावावर पांढरं काही तरंगताना दिसतं ते धुकं. त्याला धूर समजलात तर पहिल्याच परीक्षेत घोटाळा झाला, आणि जुन्या तर्कग्रंथांनी वाफेचा हा चकवाही नोंदवून ठेवला आहे.

नियम उलटाही फिरवता येत नाही. ‘जिथे आग तिथे धूर’ म्हणाल तर नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, तापलेला लोखंडी गोळा पुढे करतात : आग आहे, धूर नाही. धुराला आगीबरोबर ओलं जळणही लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. दोन गोष्टी सोबत दिसल्या की मधली उपाधी शोधायची, ही सवय मला फार मोलाची वाटते.

आता कांदा. ज्यांना ऊन लागलं नाही ते सपक्ष, ज्यांना लागलं ते विपक्ष. काकाजींचे पस्तीस उन्हाळे सगळे सपक्षात. त्यांनी खिशात कांदा न ठेवणारेही मोजलेले नाहीत. त्यातल्याही बहुतेकांना ऊन लागत नाहीच. आणि उपाधी तर समोर दिसते : खिशात कांदा ठेवणारा माणूस उन्हाला भिऊन असतो, दुपट्टा बांधतो, बारा ते चार घराबाहेर पडत नाही.

शरीराचं गणित वेगळंच सांगतं. हवा त्वचेपेक्षा तापली की शरीरातली उष्णता बाहेर जायला एकच वाट उरते, घामाची. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्या कूलरच्या ओल्या ताट्या हेच काम करतात. पाणी कमी पडलं, घाम आटला आणि शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की जीव धोक्यात. या हिशेबात खिशातल्या कांद्याला कुठे जागाच नाही. जेवणात खा, हरकत नाही. खिशातल्या कांद्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी ठेवणं मात्र जिवावर बेतू शकतं, म्हणून मी याला निरुपद्रवी समजूत म्हणायला तयार नाही.

काकाजींना मी एवढंच विचारलं, ऊन लागून पडलेल्या कोणाचा खिसा कधी पाहिला का?

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “साळा पडला होता आमचा, वर्धा रोडवर. होता न कांदा त्याच्या खिशात. पण लहान होता.”

“किती मोठा लागतो मग?”

काकाजींनी स्वतःचा कांदा तळहातावर घेऊन पाहिला.