हॉटेलातली नोकरी आणि बायकांची अडखळ

हॉटेलात काम करणाऱ्या बायका आपल्या नोकरीबद्दल बोलू लागल्या की दोन गोष्टी एका दमात येतात. काम जमतं, आवडतंही. पण चारचौघांत सांगताना जीभ अडखळते. रात्रपाळी, अनोळखी माणसांच्या खोल्या, बार एवढे शब्द निघाले की घरच्यांचे चेहरे बदलतात. ही अडखळ त्या बायकांच्या मनात आपोआप उगवलेली नाही. मालकांच्या नियमांनी आणि कायद्याच्या कलमांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पोसली आहे.

जुन्या सराया आणि खानावळी बऱ्याचदा घरचाच धंदा असत. रांधणं, अंथरुणं, धुणं मालकाच्या बायकामुली बघत आणि त्याची मजुरी कोणी मोजत नसे. मोठी हॉटेलं उभी राहिली तेव्हा ही कामं पगारी झाली, पण ‘हे तर बायकांना येतंच’ हा हिशेब तसाच राहिला. हाऊसकीपिंगचा पगार तळाला राहण्याचं मूळ मला इथेच दिसतं. जड गादी उचलून चादर खोचायची, न्हाणीघर घासायचं आणि घड्याळाकडे बघत पुढची खोली गाठायची, हे कसबाचं काम आहे.

१८८३च्या सुमारास अमेरिकेत फ्रेड हार्वे यांनी रेल्वेमार्गावरच्या आपल्या उपाहारगृहांत तरुणींना वेट्रेस म्हणून घ्यायला सुरुवात केली. राहायला वसतिगृह, देखरेखीला एक वडीलधारी बाई, रात्री परतायची वेळ ठरलेली. या नोकरीमुळे हजारो मुली घराबाहेर पडल्या, कमावू लागल्या. मात्र त्यांच्या चारित्र्याची हमी मालकाने द्यायची, ही अटही तिथेच पक्की झाली.

कायद्यानेही तोच सूर धरला. न्यूयॉर्क राज्यात मोठ्या शहरांतल्या उपाहारगृहांत रात्री १० ते सकाळी ६ बायकांना कामावर ठेवायला बंदी होती आणि १९२४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. गायिकांना आणि हॉटेलांच्या स्वतःच्या भोजनगृहांत, स्वयंपाकघरांत राबणाऱ्या बायकांना मात्र सूट होती. रात्र सगळ्यांना सारखीच होती. काळजी कोणाची करायची, ते मात्र निवडून ठरवलेलं होतं. १९४८मध्ये मिशिगनच्या कायद्यावरही त्याच न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं: बारमालकाची बायको किंवा मुलगी असल्याशिवाय बाईला बारटेंडर होता येणार नाही. त्याच बारमध्ये टेबलांवर दारू नेऊन द्यायला तिला मनाई नव्हती. अडवलं होतं ते जास्त कमाईच्या जागेवर. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एडा कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मुख्य बारटेंडर म्हणून वर्षानुवर्षं काम केलं होतं, हे इथे आठवतं.

एल्सी पॅरिश यांचं नाव मात्र मला विशेष जवळचं वाटतं. वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची गावच्या हॉटेलात त्या खोल्या साफ करत. राज्याने बायकांसाठी ४८ तासांच्या आठवड्याला १४.५० डॉलर किमान वेतन ठरवलं होतं. त्यांना त्याहून कमी मिळत होतं. थकलेल्या फरकासाठी त्या कोर्टात गेल्या आणि १९३७मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. किमान वेतनाच्या कायद्यांना त्या देशात भक्कम आधार मिळाला तो या खटल्याने.

भारतात पंजाब अबकारी कायदा, १९१४ मधलं कलम ३० दारू प्यायली जाते तिथे बायकांना नोकरी देऊ देत नव्हतं. दिल्लीतल्या हॉटेलांनाही ते लागू होतं. हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलेल्या मुलींचीही वाट त्यामुळे अडत होती. डिसेंबर २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. बाईच्या स्वातंत्र्याला कुंपण घालण्यापेक्षा तिला सक्षम करा, असा त्या निकालाचा रोख होता.

सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकणारे नियम त्यामानाने अगदी अलीकडचे आहेत. शिकागो शहराने २०१७मध्ये, खोल्यांत एकटीने काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना मदत बोलावण्याचं बटण देणं हॉटेलांवर बंधनकारक केलं. दोन वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचा अहवाल आला. त्यानुसार जगभरात पर्यटन क्षेत्रात ५४ टक्के बायका होत्या आणि त्यांची कमाई पुरुषांपेक्षा १४.७ टक्क्यांनी कमी होती.