नागपूरच्या उन्हाळ्यात सिगारचं वरचं पान का फाटतं?

परदेशातून कुणी आणून दिलेला सिगारचा डबा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, नीट बंद न करता ठेवला, तर थोड्याच दिवसांत सिगारच्या वरच्या पानाला उभी चीर पडते. पान वाळलं म्हणून फाटलं, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. आतली पानं आणि वरचं पान यांचा ओलावा वेगवेगळ्या गतीने बदलतो, तेव्हा ताण वरच्या पानावर येतो.

सिगारमध्ये तीन थर असतात: मधे दुमडलेल्या पानांचा गाभा, त्याला आवळणारं जाडसर पान आणि सगळ्यात वर रॅपर. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये रॅपरची एक प्रसिद्ध तंबाखू कापडाच्या सावलीत वाढवत, म्हणजे पान पातळ आणि एकसारखं यायचं. दिसायला देखणं, पण ताण सोसायला नाजूक.

वाळवलेलं पानही हवेतली वाफ शोषत आणि सोडत राहतं. पाण्याचे रेणू सेल्युलोज आणि पेक्टिनच्या साखळ्यांमध्ये शिरले, की त्या एकमेकींवरून सरकू शकतात आणि पान लवचिक होतं. पाणी गेलं, की साखळ्या एकमेकींना घट्ट धरतात आणि पान कडक होतं. भंडारा-गोंदियाकडे विडी वळणाऱ्या बायका तेंदूपानं आधी भिजवतात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, ते याचसाठी.

चीर दोन तऱ्हांनी पडते. ओलसर डब्यातली सिगार एकदम दुपारच्या कोरड्या हवेत काढली, तर रॅपर आधी सुकून आकसतो, गाभा मात्र अजून फुगलेलाच असतो. उलट, कोरडी पडलेली सिगार घाईने ओलाव्यात ठेवली, तर पेटवायच्या उघड्या टोकाकडून गाभा भराभर पाणी ओढतो. घट्ट बांधलेल्या पुरचुंडीत हरभरे भिजत घालावेत, तसा तो आतून दाब देतो. म्हणून बऱ्याच चिरा त्या टोकापासूनच सुरू होतात.

आता नागपूरची हवा पाहा. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम वाफ असते. एसीने तीच हवा २५ अंशांवर आणली, तरी आर्द्रता जेमतेम ४५ टक्क्यांपर्यंत पोचते. सिगारला हवी ६५ ते ७०. कूलर लावला की खोली ओलसर होते, बंद केला की पुन्हा कोरडी. रोजचा हा चढउतार रॅपरला सगळ्यात वाईट. ऑगस्टात हवा ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा भीती बुरशीची.

म्हणून खोलीच्या हवेशी झगडण्यापेक्षा सिगारचा तिच्याशी संबंधच तोडावा. रबरी कडेचा, घट्ट बसणारा स्वच्छ डबा पुरतो. दहा लिटर हवेत, २५ अंश आणि ६५ टक्क्यांवर, वाफ असते फक्त ०.१५ ग्रॅम. पाव किलो सिगारच्या पानांत १२ टक्के पाणी धरलं, तर ते होतं ३० ग्रॅम. म्हणजे डब्यातला ओलावा जवळजवळ सगळा पानांतच असतो, आणि भरलेला डबा रिकाम्यापेक्षा स्थिर राहतो. क्षणभर झाकण उघडल्याने काही बिघडत नाही. ते ढिलं असेल तर बिघडतं. आत ६५ टक्क्यांचं आर्द्रता-पाकीट ठेवा. ते गरजेप्रमाणे वाफ सोडतं आणि शोषतंही. बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड ठेवू नका, बुरशी नक्की येते. स्पंज वापरायचाच असेल, तर इन्व्हर्टरसाठी आणतो ते डिस्टिल्ड वॉटर घाला.

आर्द्रतामापक खरं सांगतो का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल इतकंच पाणी घाला आणि मापकासोबत बंद पिशवीत रात्रभर ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल, तर तो पाचने कमी सांगतो आहे.

सुकलेली सिगार सावरायची, तर आधी ६२ टक्क्यांचं पाकीट, काही आठवड्यांनी ६५ चं. इथे घाई म्हणजे चीर.

तापमानही सांभाळावं लागतं. साधारण २४ अंशांच्या वर तंबाखूतल्या भुंग्याची अंडी उबू लागतात. हाच किडा साठवलेल्या मिरचीला आणि हळदीलाही लागतो. डबा घरातल्या सगळ्यात थंड, आतल्या खोलीत ठेवावा. थर्मोकोलच्या पेटीत ठेवला तर दिवसभराची उष्णता सावकाश पोचते. फ्रिजमधली हवा कोरडी असते, तिथे सिगार उघडी ठेवू नये. किडा मारायला गोठवायचीच, तर हवाबंद पिशवीत, आणि बाहेर काढताना आधी एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.

नीट जपलेल्या सिगारचा धूरही तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका तितकाच वाढवतो. साठवणीने त्यात फरक पडत नाही.

चीर छोटी असेल तर ती जुळवता येते. सिगार वळणारे कारागीर तोंडात धरायच्या टोकावरची पानाची टोपी चिकटवायला वनस्पतीचा बेचव डिंक वापरतात, आणि गोंद कतीरा त्यासाठी पूर्वीपासून चालत आला आहे. तो नागपूरच्या इतवारी बाजारात मिळतो. चिमूटभर डिंक पाण्यात फुगवून, बोटाने अगदी पातळ लावून कडा दाबाव्यात, आणि सिगार डब्यात परत ठेवण्याआधी डिंक पूर्ण सुकू द्यावा.