गेम अँटी-चीटवर अडकतोय? बायोसला हात लावण्याआधी हे वाचा

अँटी-चीट म्हणजे गेममधली चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, आणि बायोस म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारी पीसीची मूळ सेटिंग. व्हॅलोरंट गेम उघडताना 'व्हॅन ९००१' किंवा 'व्हॅन ९००३' हा एरर येतो. बॅटलफील्ड ६ सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी बायोसची सेटिंग) मागतो आणि बंद होतो. हीच तक्रार घेऊन रोज कुणी ना कुणी इंदूरच्या जेल रोडवरच्या आमच्या कॉम्प्युटर दुकानाच्या काउंटरवर उभं असतं. सुट्ट्यांत तर खंडवा-बऱ्हाणपूरची मुलं मांडीवर सीपीयू घेऊन बसने येतात आणि सरवटे स्टँडवरून रिक्षा करून दुकान गाठतात. त्यातल्या कित्येकांचं काम घरबसल्या होण्यासारखं असतं. ज्यांचं तसं नसतं, त्यांनी व्हिडिओ बघून आधीच घोळ वाढवलेला असतो. म्हणून हे पत्रक.

सोपं ते आधी. पबजीत बॅटलआय आहे, एपेक्स लेजेंड्समध्ये ईझी अँटी-चीट. असे गेम अडले की स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइल्स व्हेरिफाय करा. मग, गेम ईझी अँटी-चीटचा असेल तर, त्याच्या फोल्डरमधलं ईझी अँटी-चीटचं सेटअप चालवून 'रिपेअर' दाबा. आरजीबी लाइटची आणि ओव्हरक्लॉकिंगची (पीसीचा वेग वाढवणारी) सॉफ्टवेअर्स बंद करून बघा, त्यांचे जुने ड्रायव्हर अँटी-चीटला चालत नाहीत. व्हॅलोरंटचं अँटी-चीट, व्हॅनगार्ड, विंडोजबरोबरच सुरू होतं, त्यामुळे घड्याळाजवळच्या आयकॉनवरून ते बंद केलं असेल तर पीसी रीस्टार्ट केल्याशिवाय गेम उघडणारच नाही. 'विंडोज हलकं करणारी' स्क्रिप्ट चालवली असेल तर तिने लागणाऱ्या सर्व्हिसही बंद केलेल्या असू शकतात. तसं असेल तर काउंटरवर आल्याबरोबर सांगा. कुणी रागावणार नाही, उलट आमचा शोधण्याचा वेळ वाचतो.

आता खरा मुद्दा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेच्या कीज जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. व्हिडिओवाला सांगतो, 'बायोसमध्ये जा, सीएसएम बंद करा, सिक्युअर बूट चालू करा, झालं.' पण सीएसएम म्हणजे जुन्या, लेगसी पद्धतीने पीसी सुरू करायची सोय. तुमचं विंडोज त्याच पद्धतीने टाकलेलं असेल, म्हणजे डिस्क एमबीआर (जुन्या मांडणीची) असेल, तर सीएसएम बंद केल्याक्षणी पीसीला विंडोज सापडत नाही. स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस नाही' असं येतं किंवा पीसी पुन्हा पुन्हा बायोसमध्येच जातो. मुलगा घाबरतो, हार्ड डिस्क गेली असं धरून चालतो आणि मित्राच्या पेन ड्राइव्हने फॉरमॅट मारतो. डिस्क ठणठणीत असते. फक्त सीएसएम परत चालू केलं असतं तर विंडोज होतं तसं उघडलं असतं. फॉरमॅटमध्ये मात्र वडिलांच्या जीएसटीच्या फाइली, बहिणीच्या लग्नाचे फोटो, सगळं जातं. मग आमचे दोन दिवस डेटा रिकव्हरीत जातात, तुमचे पैसे जातात, आणि सगळं परत मिळेलच असं नाही.

म्हणून बायोस उघडण्याआधी स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. उजवीकडच्या यादीत 'बायोस मोड' आणि 'सिक्युअर बूट स्टेट' या दोन ओळी आहेत. मोडपुढे 'यूईएफआय' (नवी पद्धत) असेल तर काम बहुधा दहा मिनिटांचं आहे. 'लेगसी' असेल तर तिथेच थांबा, त्या स्क्रीनचा फोटो काढा आणि आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. फोटो बघायचे आम्ही पैसे घेत नाही.

कधी बायोसमध्ये सिक्युअर बूट 'एनेबल्ड' दिसतं, पण त्याच्याच खाली 'नॉट अ‍ॅक्टिव्ह' लिहिलेलं असतं. तिथे बायोसमधूनच फॅक्टरी कीज (कंपनीने दिलेल्या मूळ कीज) रिस्टोअर कराव्या लागतात. ही एक ओळ न वाचल्यामुळे पुष्कळ जण उगाच फिरत राहतात. एएमडीच्या बोर्डावर टीपीएम प्रोसेसरमध्येच असतं, त्याला एफटीपीएम म्हणतात. तिथे बायोस अपडेटनंतर 'एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन' असं विचारलं जातं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल तर 'वाय' दाबू नका. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे एन्क्रिप्शन न विचारताच चालू झालेलं असतं. त्याची की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, म्हणून त्या अकाउंटचा पासवर्ड सोबत घेऊनच या.

'एका गेमसाठी सीपीयू रात्रभर कशाला ठेवता?' असं पालक विचारतात. विचारणं रास्तच आहे. एमबीआरची डिस्क फॉरमॅट न करता जीपीटी (यूईएफआयला लागणारी नवी मांडणी) करता येते, त्याचं टूल विंडोजमध्येच आहे. पण डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशन (पोटात अनेक ड्राइव्ह असलेला भाग) असेल तर ते टूल नकार देतं, आणि जुन्या असेंबल्ड पीसीत डी, ई, एफ ड्राइव्ह नेमके तसेच पाडलेले असतात. ते आधी रिकामे करून नव्याने मांडावे लागतात. म्हणून आम्ही पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय डिस्कला हातच लावत नाही, आणि मोठ्या हार्ड डिस्कचा बॅकअप तासाभरात होत नाही. चार्ज लागतो तो या कामाचा. बायोसची नुसती सेटिंग असेल तर तुमच्यासमोर करून देतो, गेम उघडून दाखवतो, आणि फक्त चेकिंगचे पैसे घेतो.

दोन कामं आम्ही करत नाही. बॅन झालेला अकाउंट किंवा पीसी 'सोडवून' देत नाही, आणि क्रॅक केलेलं विंडोज टाकत नाही. क्रॅकच्या अ‍ॅक्टिव्हेटरने सिस्टिम फाइलींत ढवळाढवळ केली की अँटी-चीट आज ना उद्या अडणारच, आणि दोष दुकानावर येतो.

येताना फक्त सीपीयू आणा. मॉनिटर, कीबोर्ड इथे आहेत. एररचा फोटो मात्र हवाच, नुसतं 'गेम चालत नाही' म्हटल्याने काही कळत नाही. नवीन पीसी घेणार असाल तर आमच्याकडून बांधलेला प्रत्येक पीसी यूईएफआयमध्ये, सिक्युअर बूट अ‍ॅक्टिव्ह ठेवूनच दिला जातो. घरी नेण्याआधी वरच्या त्या दोन ओळी आमच्याच काउंटरवर उघडून बघा.